राजभाषेचे ऋण

मनुष्य कोणत्या भाषेत बोलतो, हा एरवी त्याचा खासगी प्रश्न असतो. ज्या भाषेत तो भांडतो, लेकराला जोजवतो, रात्री घरच्या अल्तारापुढे गुडघे टेकून रोझरी म्हणतो, ती भाषा त्याने निवडलेली नसते. तो जन्माला आला तेव्हा ती घरात आधीच होती. परंतु जमिनीचा उतारा काढायला तो तलाठ्याकडे जातो, साक्षीदार म्हणून न्यायालयात उभा राहतो, आजारी आईला घेऊन सरकारी इस्पितळात शिरतो, त्या घटकेला हा खासगी प्रश्न सार्वजनिक होऊन बसतो. खिडकीच्या अलीकडे तो असतो, पलीकडे शासन असते. दोघांची भाषा एकच असली तर ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती वेगवेगळी असली की दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या भाषेत जाणे भाग पडते. कोणी जायचे? राजभाषेच्या सगळ्या वादांच्या तळाशी हा एक साधा नैतिक प्रश्न आहे.

साधा असूनही तो क्वचितच या शब्दांत विचारला जातो. राजभाषेची चर्चा निघाली की आपण प्राचीनतेचे दाखले काढतो, डोकी मोजतो, ग्रंथसंपदेची यादी वाचतो. आमची भाषा जुनी, आमची भाषा समृद्ध, आमची माणसे अधिक. म्हणून राज्य आमच्या भाषेत चालावे. या युक्तिवादात भाषा असते, अभिमान असतो. खिडकीपाशी ताटकळणारा माणूस मात्र नसतो. वास्तविक शासन नागरिकाकडून आज्ञापालन मागते. कायदा ठाऊक नव्हता, ही सबब कोणतेही न्यायालय ऐकून घेत नाही. मग तो कायदा त्याला कळेल अशा भाषेत सांगण्याची जबाबदारी कोणाची? कायद्याची व्याख्या करताना संत थॉमस अक्वायनस यांनी एक अट सांगून ठेवली आहे : जो नियम ज्यांच्यावर लागू होणार त्यांच्यापर्यंत पोचवलाच गेला नाही, त्याला कायद्याचे बळ प्राप्त होत नाही. अक्वायनस यांच्यासमोर राजभाषेचा वाद नव्हता, हे खरे. पण त्यांच्या अटीचा अर्थ आपण नीट लावला, तर राजभाषा हा बहुसंख्याकांना मिळालेला मान ठरत नाही; ते शासनाने नागरिकाचे फेडावयाचे ऋण ठरते. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच माथी समजावून सांगण्याचा आणि समजून घेण्याचा भार.

हे तत्त्व कागदावर सोपे दिसते. ते निभावणे किती अवघड असते, हे पाहण्यासाठी दोन देश शेजारी ठेवून पाहू : एक आपल्या दक्षिणेचा श्रीलंका आणि दुसरा युरोपच्या उत्तर टोकाचा फिनलंड. हवा वेगळी, धर्म वेगळे, इतिहास वेगळा. एका बाबतीत मात्र दोघांची व्यथा सारखी होती. दोन्ही देशांत बहुसंख्य प्रजेची भाषा शतकानुशतके दाराबाहेर उभी होती आणि राज्यकारभार वरच्या थरातील थोड्यांच्या भाषेत चालत होता.

श्रीलंका, म्हणजे तेव्हाचे सिलोन, १९४८ साली स्वतंत्र झाले. कारभार इंग्रजीत होता. सिंहली शेतकऱ्याला पोलीस ठाण्यात आपली फिर्याद आपल्या शब्दांत लिहिलेली दिसत नसे. सरकारी नोकऱ्या इंग्रजी शिकलेल्यांना मिळत, आणि जाफना भागात मिशनरी शाळा लवकर निघाल्यामुळे अशा शिकलेल्यांत तमिळांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच होते. सिंहली तरुणाच्या मनातील सल खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. अन्यायाच्या कहाण्या बहुधा खऱ्या गाऱ्हाण्यापासूनच सुरू होतात. १९५६ च्या निवडणुकीत एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांनी, सत्ता आल्यास चोवीस तासांत सिंहलीला एकमेव राजभाषा करू, असे आश्वासन दिले. ते स्वतः ऑक्सफर्डला शिकलेले, इंग्रजीचे नामांकित वक्ते. ते निवडून आले आणि त्याच वर्षी तो छोटासा कायदा संमत झाला. संसदेतील डावे पुढारी कॉल्विन आर. डी सिल्वा यांनी तेव्हाच बजावले होते की, दोन भाषा मानाल तर देश एक राहील, एकच मानाल तर त्याचे दोन होतील.

कायद्याने तमिळ बोलण्यावर बंदी घातली नव्हती. मग बिघडले काय? बिघडले ते एका कारकुनाच्या पगारपत्रकात दिसते. कोडीश्वरन नावाच्या तमिळ सरकारी सेवकाने सिंहलीची सक्तीची परीक्षा देण्याचे नाकारले, म्हणून १९६२ साली त्याची वेतनवाढ रोखली गेली. ज्या नोकरीत तो लागला होता तिच्या अटी मध्येच बदलल्या होत्या. तो न्यायालयात गेला. १९६४ साली जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. १९६९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले, पण राजभाषेचा कायदा घटनेला धरून आहे की नाही, या मूळ प्रश्नाला हात लावला नाही. तो प्रश्न अनुत्तरितच राहिला. १९७२ च्या नव्या घटनेने सिंहलीचे एकमेव स्थान अधिकच पक्के केले.

दरम्यान पुष्कळ काही घडून गेले होते. तमिळांना काही सवलती देणारा करार बंडारनायके यांनी १९५७ साली तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी केला. भिक्षूंच्या आणि विरोधकांच्या दडपणाखाली १९५८ साली तो मोडला. त्याच वर्षी दंगली उसळल्या. १९५९ साली बंडारनायके यांची हत्या झाली, तीही एका सिंहली बौद्ध भिक्षूच्या हातून. १९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. १९८३ पासून २००९ पर्यंत यादवी युद्ध चालले. या सगळ्याचे खापर एका भाषा कायद्यावर फोडणे योग्य होणार नाही; जमिनी, विद्यापीठांतील प्रवेश, दोन्हीकडचा हिंसाचार ही कारणेही तितकीच मोठी होती. पण पहिली चीर तेथे पडली, याविषयी फारसे दुमत नाही. १९८७ साली घटनादुरुस्ती होऊन तमिळ हीही राजभाषा झाली. तोवर एकतीस वर्षे लोटली होती आणि भाषेच्या प्रश्नाने हाती बंदूक घेतली होती. युद्धानंतर नेमलेल्या आयोगाने २०११ च्या अहवालात अनेक शिफारशी केल्या. त्यांतील एक अशी की, प्रत्येक पोलीस ठाण्यात दोन्ही भाषा जाणणारा अधिकारी रात्रंदिवस हजर असावा. इतके रक्त सांडल्यावर शहाणपण पुन्हा त्या खिडकीपाशीच येऊन थांबले!

श्रीलंकेतील कॅथलिक समाज सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही भाषकांचा आहे, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एकाच पवित्र भाकरीचे वाटेकरी युद्धकाळात दोन बाजूंना विभागले गेले. श्रद्धा एक असली म्हणजे भाषेची दरी आपोआप बुजते, असा भाबडा समज कोणी बाळगू नये.

आता फिनलंडकडे पाहू. सहाशेहून अधिक वर्षे तो प्रदेश स्वीडनच्या राज्यात होता. १८०९ साली तो रशियाच्या झारकडे गेला. राज्यकर्ते बदलले, तरी न्यायालये, विद्यापीठ, दरबार यांची भाषा स्वीडिशच राहिली. फिनिश बोलणारा शेतकरी आपल्याच गावच्या न्यायालयात परका होता. योहान विल्हेल्म स्नेलमन यांच्यासारख्या विचारवंतांनी यासाठी झुंज दिली, आणि १८६३ साली झार दुसरा अलेक्झांडर याने फर्मान काढले की, फिनिश भाषकांशी संबंधित व्यवहारांत वीस वर्षांच्या आत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान मिळावे. १९१७ साली देश स्वतंत्र झाला. आता पारडे फिरले होते. स्वीडिश बोलणारे दहा जणांत जेमतेम एक, आणि तेही बऱ्याच अंशी जुन्या सत्तेच्या सावलीत वाढलेले. सूड उगवायला याहून चांगली संधी कोणती?

१९१९ च्या घटनेने फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषा ठरवल्या. आज स्वीडिश भाषक सुमारे पाच टक्केच उरले आहेत, तरी तो नियम टिकून आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. ज्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषा बोलणारे किमान आठ टक्के किंवा तीन हजार असतील, ती द्विभाषिक मानली जाते. तेथे रस्त्यांच्या पाट्यांपासून अर्जांपर्यंत सारे दोन्ही भाषांत. दर दहा वर्षांनी हे आकडे तपासले जातात. एकदा द्विभाषिक ठरलेल्या गावाचा दर्जा प्रमाण आठाच्या किंचित खाली आले म्हणून लगेच काढून घेतला जात नाही. सहा टक्क्यांपर्यंत वाट पाहिली जाते. सैन्यात एक तुकडी अशी आहे की, जिच्यातील शिक्षण स्वीडिशमध्ये होते. देशासाठी मरायला शिकवायचे, तर तेही माणसाच्या आपल्या भाषेत!

तेथे वाद झाले नाहीत, असे नव्हे. १९३० च्या दशकात हेलसिंकी विद्यापीठातील भाषेच्या प्रश्नावरून रण माजले होते, आणि शाळेत प्रत्येक फिनिश मुलाने स्वीडिश शिकलेच पाहिजे काय, यावर आजही कडाक्याची चर्चा होते. उत्तरेकडील सामी लोकांच्या भाषांना कायद्याचे संरक्षण मिळायला १९९० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे तेथील लोक देवदूत नाहीत. त्यांनी एवढेच केले की, आपल्या जुन्या अपमानाची आठवण दुसऱ्याचा अपमान करायला वापरली नाही. ज्याने खिडकीपाशी उभे राहून अवहेलना सोसली, तोच खिडकीच्या पलीकडे जाऊन बसला की काय करतो, ही बहुसंख्याकांच्या चारित्र्याची कसोटी आहे. सिलोनने आणि फिनलंडने ही परीक्षा वेगवेगळ्या रीतीने दिली.

यावर एक रास्त आक्षेप येईल. दोन भाषांचे ठीक आहे. पण जेथे शेकडो भाषा आहेत तेथे काय करायचे? देशाला एखादी समाईक भाषा नको काय? हवीच. इंडोनेशियाने याचे जे उत्तर शोधले, ते आपण अभ्यासावे असे आहे. तेथे सातशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. स्वातंत्र्यापूर्वी लोकसंख्येचा जवळजवळ निम्मा भाग जावानीज बोलणारा होता. जुने साहित्य, दरबारी परंपरा, संख्याबळ सारे त्या भाषेकडे होते. तरी २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात जमलेल्या तरुणांनी जी शपथ घेतली, तीत समाईक भाषा म्हणून मलय भाषेचे नवे रूप स्वीकारले. ती बंदरांतून, बाजारांतून फिरलेली व्यापाऱ्यांची भाषा. फार थोड्यांची मातृभाषा. शिवाय जावानीजमध्ये लहानाने मोठ्याशी बोलताना बहुतेक शब्दच बदलावे लागतात. आपल्या ‘तू’ आणि ‘आपण’ यांतील अंतर त्यापुढे काहीच नाही. नव्या देशात सगळे समान व्हायचे, तर अशी उतरंड नको, हाही विचार होता. त्या शपथेच्या शब्दांतील एक बारकावा लक्षणीय आहे. मायभूमी एक, राष्ट्र एक, असे तिची पहिली दोन कलमे म्हणतात. तिसरे कलम मात्र भाषा एकच असे म्हणत नाही, ते ऐक्याची भाषा उचलून धरण्याचे वचन देते. घरोघरच्या भाषांना तेथे जागा ठेवली आहे. आणि जावानीज माणसाने जो त्याग केला, तो करायला त्याला कोणी भाग पाडले नव्हते.

पण इतिहास मोठा खट्याळ आहे. औदार्यातून जन्मलेली तीच भाषा पुढे पूर्व तिमोरमध्ये जबरदस्तीचे हत्यार झाली. पोर्तुगीजांची ही जुनी वसाहत इंडोनेशियाने डिसेंबर १९७५ मध्ये सैन्य घुसवून ताब्यात घेतली. शाळा, कचेऱ्या इंडोनेशियन भाषेत सुरू झाल्या. तेथील ख्रिस्तसभेपुढे पेच उभा राहिला. मिस्साबलिदान पोर्तुगीजमध्ये होत असे. ती भाषा आता चालणार नव्हती, आणि नव्या सत्तेला इंडोनेशियन हवी होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेचे दार उघडलेच होते. १९८१ साली तेथील धर्मप्रांताने, रोमच्या संमतीने, उपासनेसाठी तेतुम भाषा स्वीकारली. ती पोर्तुगीज सत्तेची नव्हती की इंडोनेशियाची नव्हती. लोकांच्या परस्पर व्यवहाराची होती. ज्या भाषेला कोणत्याच शासनाने खुर्ची दिली नव्हती, तिला अल्तारापाशी जागा मिळाली. ज्या ख्रिस्तसभेत १९७५ साली तेथील जनतेपैकी अल्पसंख्यच होते, तिच्यात पुढील पंचवीस वर्षांत बहुतेक सारी जनता आली. त्याची कारणे अनेक होती, पण आपले ऐकणारी आणि आपल्या भाषेत बोलणारी एवढी एकच संस्था उरली आहे, हे लोकांना दिसत होते. २००२ साली स्वतंत्र झालेल्या या देशाच्या घटनेने तेतुम आणि पोर्तुगीज या दोघींना राजभाषा केले. त्यातही एक उपरोध राहून गेलाच : कायदे आणि न्यायालये पोर्तुगीजकडे झुकली, आणि इंडोनेशियन शाळांत शिकलेल्या तरुण पिढीला त्यांतील बरेचसे कळेना. खिडकीची पाटी बदलली. अलीकडच्या माणसाची अडचण तशीच राहिली.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. मातृभाषेचे नाव घेऊनही माणसाला कोंडता येते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी सरकारने १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर कृष्णवर्णीय मुलांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला. तो प्रेमापोटी नव्हता. त्या मुलांनी मजुरीपलीकडे पाहू नये, यासाठी होता. पुढच्या वर्गांत त्यांच्यावर आफ्रिकान्स लादायला निघाल्यावर १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील शाळकरी मुले रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. आपल्याकडील गरीब आईबाप मुलाला इंग्रजी शाळेत घालण्यासाठी पोटाला चिमटा घेतात, तेव्हा त्यांना मातृभाषाद्रोही म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. मातृभाषा हा उंबरठा असावा, कुंपण नसावे. त्याच दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या घटनेत अकरा राजभाषा मानल्या, २०२३ साली मूकबधिरांची खुणांची भाषा बारावी झाली. मात्र न्यायालयीन दप्तराची भाषा इंग्रजीच असेल, असे तेथील सरन्यायाधीशांनी २०१७ साली ठरवून टाकले. घटनेतली यादी लांबली, म्हणजे ऋण फिटले असे होत नाही.

मग शासन नागरिकाच्या भाषेचे नेमके किती देणे लागते? येथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या तर गोंधळ कमी होईल, असे मला वाटते. पहिले देणे सहिष्णुतेचे : कोणालाही त्याच्या भाषेपायी शिक्षा, हेटाळणी वा तोटा सोसावा लागू नये. हे निरपवाद आहे. त्याला खर्चाची सबब चालत नाही. दुसरे देणे आकलनाचे : जेथे शासन माणसाच्या जिवाशी, स्वातंत्र्याशी, भाकरीशी व्यवहार करते, त्या न्यायालयात, इस्पितळात, शिधावाटपात, मुलाच्या पहिल्या शाळेत त्याला समजेल असे बोलणे आणि त्याचे म्हणणे समजून घेणे. यात प्रमाण पाहावे लागेल, दुभाषे नेमावे लागतील, पैसा लागेल. परंतु ही भीक नव्हे, न्याय आहे. तिसरी गोष्ट भाषेच्या उत्कर्षाची. ती शासन देऊ शकत नाही. फार तर मदत करू शकते. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत आयरिश ही पहिली राजभाषा आहे. शाळेत ती सर्वांना शिकवली जाते. २०२२ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे सुमारे बहात्तर हजारच निघाले. सिंहासन आहे, घरात चूल मात्र दुसऱ्या भाषेत पेटते. आपली भाषा आपल्या लेकरांशी बोलणे हे काम कोणत्याही सरकारच्या गळ्यात घालता येत नाही.

ही फूटपट्टी आता आपल्या अंगणात लावून पाहू. आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. १९५६ साली जोडलेला ३५०-क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो. ज्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे पंधरा टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात, असा संकेत मान्य झालेला आहे. बेळगावच्या मराठी माणसाला कन्नड कागद हाती पडतो तेव्हा आपण याच संकेताचा आधार घेतो, आणि ते योग्यच आहे. पण न्यायाची मागणी दुधारी असते. मेळघाटातील कोरकू, सातपुड्यातील भिल्ल, गडचिरोलीतील माडिया यांच्या भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील बावीस भाषांत नाहीत. त्यांच्या बाळंतिणीशी इस्पितळात कोणत्या भाषेत बोलले जाते? बेळगावात मागायचे ते मेळघाटात द्यायला आपण तयार आहोत काय?

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू अक्षरे होती. ती काढावीत म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती राहू दिली; भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची असते आणि तिचे पहिले काम संवाद साधणे हे आहे, असा निकालाचा आशय होता. मराठीचे स्थान त्या फलकावर आधीच वरचे होते. खालच्या ओळीने मराठीचे काही हिरावले गेले नव्हते.

गोव्याकडे पाहिले तर आपल्या स्वतःच्या इतिहासाला सामोरे जावे लागते. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज येशूसंघीय. त्यांनी आपली भाषा बाजूला ठेवून येथील लोकांची भाषा आत्मसात केली, आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यानंतर सत्तर वर्षेही झाली नव्हती, तोच १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. आणि त्यामागे काही धर्मगुरूंचाही आग्रह होता. एकाच ख्रिस्तसभेच्या सेवकांनी दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली. पहिला स्वतः लोकांच्या भाषेत गेला. दुसऱ्यांनी लोकांनाच आपल्या भाषेत यायला सांगितले. आज वाचले जाते ते पहिल्याचे उत्तर. १९८७ च्या गोवा राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. रोमी लिपीत कोंकणी वाचणारा-लिहिणारा कॅथलिक मात्र त्या व्याख्येत आपली लिपी शोधतो आहे. तेथील वादात तोडगा काय असावा, हे तेथील लोक ठरवतील. पण ज्या आजीला देवनागरी वाचता येत नाही, तिला तिच्या हक्काचा कागद कळला पाहिजे, एवढे तरी कोणत्याही बाजूच्या माणसाला मान्य व्हावे.

प्रेषितांच्या कृत्यांत पेन्टेकॉस्टचा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. पार्थी, मेदी, एलामी, रोमी अशा सर्वांना आपापल्या भाषेत शब्द ऐकू आला. आधी गालीलकरांची भाषा शिकून या, असे कोणाला सांगितले गेले नाही. मात्र याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील दुसरा एक प्रसंग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे, आणि तो फारसा चर्चिला जात नाही. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषकांच्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. स्थानिक हिब्रू भाषकांच्या विधवांना मिळत होते, यांना मिळत नव्हते. दुष्टावा कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही. वाटणाऱ्यांना त्यांचे बोलणे नीट उमगत नसेल, त्यांचा आवाज पोचत नसेल, इतकेच. कुरकुर प्रेषितांच्या कानावर गेली. त्यांनी त्या विधवांना भाषा शिकण्याचा उपदेश केला नाही, ऐक्य बिघडवता म्हणून दटावलेही नाही. सात जण निवडले गेले. स्तेफन, फिलीप, प्रोखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, निकोलाव : साती नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेतल्या माणसांच्या हाती बहुसंख्याकांनी वाटपाचे काम सोपवले.

आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीलाही एक खिडकी असते. तिच्यासमोर आता केवळ सामवेदी वा वाडवळी बोलणारी म्हातारी येत नाही. झारखंडहून कामाला आलेला मजूर येतो, केरळची परिचारिका येते, डहाणूकडची वारली बाई मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येते. राजभाषा कोणती असावी, हे दिल्ली-मुंबईत ठरेल. त्या बाईला तिचे म्हणणे पुरते सांगू द्यायचे की नाही, हे मात्र आपल्याला येत्या रविवारीच ठरवायचे आहे.